जुन्या गाडीचा कार्बोरेटर: दुरुस्त करावा की बदलावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस ओसरून चतुर्थी जवळ आली की गोव्यात झाकून ठेवलेल्या जुन्या गाड्या बाहेर निघतात आणि त्यांच्याबरोबर तेच तेच प्रश्नही. बहुतेक प्रश्न फियाट, पद्मिनी, ॲम्बेसेडर, हेराल्ड, मॉरिस मायनर आणि बीटलच्या मालकांचे असतात. काही प्रश्न १९६१ पूर्वी, पोर्तुगीज अमदानीत थेट बोटीने उतरलेल्या गाड्यांबद्दल असतात. मूळ कार्बोरेटर वाचवता येत असेल तर वाचवावा, या मताचा मी आहे. त्याची कारणं खाली ठिकठिकाणी येतीलच.

१. कार्बोरेटर नेमकं काय करतो?

इंजिन हवा ओढतं. ती हवा कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून, म्हणजे व्हेंच्युरीतून जाताना वेग घेते आणि तिथला दाब कमी होतो. त्यामुळे फ्लोट चेंबरमधलं (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या वाटीतलं) पेट्रोल जेटमधून, म्हणजे मापलेल्या भोकाच्या पितळी तुकड्यातून, वर ओढलं जातं आणि फवारा होऊन हवेत मिसळतं. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते.

पेट्रोलच्या वाटा मात्र वेगवेगळ्या आहेत. स्लोसाठी (गाडी उभी असताना इंजिन हळू फिरत राहण्यासाठी) पायलट जेट, पळण्यासाठी मेन जेट, अचानक पाय दाबल्यावर ॲक्सिलरेटर पंप आणि थंड इंजिनासाठी चोक. म्हणून लक्षणावरून जागा कळते. स्लोवर बंद पडते पण पळताना ठीक असेल, तर पायलट जेट पाहा. सपाटीवर ठीक पण चढावर दम तुटतो, तेव्हा मेन जेट किंवा पेट्रोलचा पुरवठा. पाय दाबताच क्षणभर अडखळून मग उचलते, तर पंपाचा डायफ्रॅम (रबरी पडदा).

२. गाडी मिसिंग करते. मिस्त्री म्हणतो कार्बोरेटर गेला. खरंच गेला आहे हे कसं ओळखायचं?

कार्बोरेटरला हात लावण्याआधी इग्निशन, म्हणजे ठिणगीची व्यवस्था पाहा. पॉइंटचा गॅप (बहुतेक जुन्या चार सिलिंडर गाड्यांत ०.४ मिमीच्या आसपास), कंडेन्सर, प्लग, टायमिंग. कार्बोरेटरच्या नावावर खपवलेले कितीतरी दोष पॉइंट घासून आणि कंडेन्सर बदलून गेलेले मी पाहिले आहेत. आपल्या दमट हवेत डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल धरते, तीही पुसून घ्या.

मग चारही प्लग काढून ओळीने मांडा. एकच कार्बोरेटर असलेल्या गाडीत तो चारही सिलिंडरांना पेट्रोल देतो. एकच प्लग काळा आणि बाकीचे तीन ठीक असतील, तर दोष कार्बोरेटरचा असण्याची शक्यता फार कमी. तो प्लग, ती वायर किंवा तो व्हॉल्व्ह पाहा. चारही काजळीने काळे असतील तर मिश्रण गडद, म्हणजे पेट्रोल जास्त आहे. चारही पांढरट असतील तर हवा जास्त आहे.

आणखी एक तपासणी फुकटातली. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टर काढा, गळ्यात डोकावून ॲक्सिलरेटरची दांडी हाताने हलवा. पेट्रोलची बारीक धार दिसली तर फ्लोट चेंबरपर्यंत पेट्रोल पोचतं आहे आणि ॲक्सिलरेटर पंप चालतो आहे. धार नाहीच, तर टाकीपासून फिल्टर आणि पेट्रोल पंपापर्यंतची वाट आधी तपासा. (एसयू कार्बोरेटरला हा पंप नसतो, प्रश्न ११ पाहा.)

३. पावसाळाभर गाडी उभी होती. उघडलं तर फ्लोट चेंबरमध्ये पांढरी पावडर आणि तळाशी चिकट पिवळा थर. कार्बोरेटर फेकायचा का?

मुळीच नाही. कार्बोरेटरची बॉडी बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची असते. पेट्रोलमधलं पाणी तळाशी बसलं की जस्त गंजतं आणि पांढरी भुकटी सुटते. पिवळा थर म्हणजे उडून गेलेल्या पेट्रोलचा उरलेला राळेसारखा अंश. दोन्ही निघतात. आपण किनाऱ्यावर राहतो, जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत पाणीच असतं, त्यामुळे वापरात नसलेल्या गाडीत हे होणारच.

पावडर काढल्यावर खालचा धातू कसा आहे ते महत्त्वाचं. नुसते डाग किंवा उथळ खळगे असतील तर चिंता नको. पण ज्या कडेवर गॅस्केट बसतं ती कड खाल्ली गेली असेल, किंवा जेट जिथे बसतो ती बैठक खडबडीत झाली असेल, तर पेट्रोल जेटला वळसा घालून जाईल आणि कितीही ट्यूनिंग केलं तरी जमणार नाही. अशा बॉडीचं पुढे काय करायचं ते प्रश्न ७ मध्ये.

पुढच्या वर्षासाठी एक सवय लावून घ्या. गाडी झाकण्यापूर्वी पंपाकडे येणारी नळी सोडवून तिचं तोंड नीट बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. फ्लोट चेंबर जवळजवळ कोरडं होतं. त्यात पेट्रोलच नसेल तर पाणी तळाशी साचून राहण्याचा प्रश्न येत नाही.

४. घरी उघडून साफ करता येतो का? काय वापरावं आणि काय टाळावं?

येतो, आणि प्रत्येक मालकाने एकदा तरी करावा. बॅटरीची वायर काढा, काम मोकळ्या हवेत करा, देवघरातली समई किंवा चूल जवळपास नको, आणि पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी कधीही ओतू नये.

प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढा. जेट काढाल तसा त्याचा नंबर आणि जागा कागदावर लिहा. सोलेक्स आणि वेबर या कंपन्यांच्या जेटवरचा आकडा म्हणजे मिलिमीटरचे शंभरावे भाग. १२० म्हणजे १.२० मिमीचं भोक. म्हणूनच जेटमध्ये स्टीलची तार किंवा सुई घालू नये. पितळ मऊ असतं, भोक चुकून थोडं जरी मोठं झालं तरी १२० चा जेट १२० राहत नाही, आणि ते डोळ्यांना दिसतही नाही. तुंबलेल्या जेटसाठी गरीची बारीक तंगूस (मासेमारीचा नायलॉन दोरा) उत्तम. म्हापशाच्या बाजारात कुठेही मिळेल. तिने घाण सैल करायची आणि मग कॉम्प्रेसरची हवा मारायची.

कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे चालतो. त्याआधी रबरी डायफ्रॅम, सील आणि फ्लोट काढून बाजूला ठेवा. काही ठिकाणी बॉडी कॉस्टिक सोड्यात उकळतात. हे कधीच होऊ देऊ नका. कॉस्टिक जस्त आणि ॲल्युमिनियम दोन्ही खातो. बॉडी चकचकीत होऊन हाती येते, पण आतल्या वाटा मोठ्या झालेल्या असतात. अल्ट्रासॉनिक मशीन असलेलं गॅरेज सापडलं तर फार चांगलं, फक्त सौम्य द्रावण आणि थोडा वेळ एवढं सांगून ठेवा.

५. पेट्रोल ओव्हरफ्लो होतं, गाडीखाली वास येतो. काय झालं असेल?

तीन गोष्टी: निडल व्हॉल्व्ह (चेंबर भरलं की पेट्रोल अडवणारी सुई), फ्लोट (ती सुई दाबणारा तरंगता डबा), किंवा पंपाचा दाब. दोष दूर होईपर्यंत गाडी चालवू नका. गरम एग्झॉस्टवर पेट्रोल ठिबकलं तर गाडी पेट घेते.

निडलच्या टोकावर घासून गोल रेघ पडलेली दिसली तर निडल आणि तिची बैठक दोन्ही एकदम बदला. पितळी फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळत असेल तर तो फुटका आहे. गरम पाण्यात बुडवला की भोकातून बुडबुडे येतात. आतलं पेट्रोल पूर्ण काढून, वाळवून, मगच डाग लावा, कारण आत वाफ असताना डागणं जिवावर बेतू शकतं. डाग पातळ हवा. फ्लोट जड झाला की तो खोल बसतो आणि पुन्हा ओव्हरफ्लो सुरू.

मूळ पंप काढून इलेक्ट्रिक पंप बसवला असेल तर संशय तिथेच घ्या. जुन्या कार्बोरेटरला साधारण २ ते ४ पीएसआय दाब पुरतो. इंजेक्शनच्या गाड्यांचा पंप याच्या कितीतरी पट जास्त दाब देतो आणि निडल तो अडवूच शकत नाही.

६. स्लो टिकत नाही. कितीही स्क्रू फिरवा, कधी जास्त, कधी बंद. जेट साफ आहेत.

बटरफ्लायचा (गळ्यातल्या हवा सोडणाऱ्या झडपेचा) स्पिंडल, म्हणजे दांडा, हाताने वरखाली हलवून पाहा. खडखड लागली तर कारण सापडलं. वर्षानुवर्षं फिरून स्पिंडल आणि बॉडीचं भोक दोन्ही झिजतात आणि त्या फटीतून न मोजलेली हवा आत शिरते. गाडी स्लोवर असताना स्पिंडलच्या टोकाला इंजिन ऑइलचे दोन थेंब सोडा. क्षणभर स्लो सुधारला तर फट तिथेच आहे. यासाठी स्प्रे मारणारेही आहेत. गरम इंजिनावर मी तेलच पसंत करतो.

बऱ्याच पद्मिनी आणि ॲम्बेसेडर याच दोषापायी नवा कार्बोरेटर लावून घेतात आणि खरं तर हा दोष लेथवर निघणारा आहे. बॉडीची भोकं मोठी करून पितळी किंवा ब्राँझचे बुश बसवायचे, नवा स्पिंडल करायचा. अट एकच: दोन्ही बाजूंचे बुश एकाच सेटिंगमध्ये, एका रेषेत रीमर लावून पूर्ण करायचे. वेगवेगळे केले तर बटरफ्लाय अडकतो, आणि अडकलेला बटरफ्लाय म्हणजे न सुटणारा ॲक्सिलरेटर.

काम देताना दोन गोष्टी मिस्त्रीसमोर उभं राहून पाहा. बटरफ्लायच्या छोट्या स्क्रूंची टोकं कारखान्यात पसरवलेली असतात. ती घासल्याशिवाय फिरवली तर स्क्रू स्पिंडलमध्येच तुटतो. आणि परत बसवताना नवे स्क्रू लावून टोकं पुन्हा पसरवायची, कारण सैल झालेला स्क्रू सरळ सिलिंडरमध्ये जातो. बटरफ्लायच्या कडा तिरप्या कापलेल्या असतात, म्हणून काढण्यापूर्वी वरची बाजू खुणेने नोंदवा.

बीटलवाल्यांना वेगळी सूचना. ३० पिक्ट आणि ३४ पिक्ट सोलेक्सला स्लोचं पेट्रोल बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह असतो. त्याची वायर निसटली की गाडी स्लोवर अचानक बंद पडते. स्पिंडलकडे वळण्याआधी ती वायर पाहा.

७. बॉडीला तडा गेला आहे, फ्लँज वाकला आहे, आटे गेले आहेत. वेल्डिंग होतं का?

वाकलेला फ्लँज (बोल्टने इंजिनावर बसणारी सपाट कड) सर्वांत सोपा. बोल्ट गरजेपेक्षा जास्त कसल्यामुळे त्याचे कान वाकतात. जाड काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्याने चिकटवून त्यावर आठच्या आकड्यात घासा, पूर्ण पृष्ठभाग सारखा दिसेपर्यंत. दोन गॅस्केट एकावर एक घालणं किंवा सिलिकॉन थापणं टाळा. पेट्रोल सिलिकॉन फुगवतं आणि त्याचे तुकडे जेटमध्ये जातात.

आटे गेले असतील तर हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) बसवून घ्या. मूळ मापाचाच स्क्रू लागतो आणि बॉडी वाचते.

तड्याची गोष्ट कठीण. हा धातू ४०० अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो, त्यामुळे साध्या वेल्डिंगमध्ये बॉडीच खाली बसते. बाहेरच्या कानाला, जिथे पेट्रोल लागत नाही, तिथे चांगल्या इपॉक्सीने काम भागतं. फ्लोट चेंबरला किंवा गळ्याला तडा असेल तर ती बॉडी जाऊ द्या आणि त्याच नंबरची दुसरी शोधा. जुन्या बॉडीचे जेट, स्पिंडल, झाकण आणि दांड्या मात्र टाकू नका. पुढच्या दुरुस्तीला तेच उपयोगी पडतात.

८. मग बदलायचा कधी?

फ्लोट चेंबर किंवा गळा तडकला असेल, जेटची बैठक खाल्ली गेली असेल, किंवा आधीच्या कुणीतरी आतल्या वाटांत ड्रिल घातलं असेल, तेव्हा. बाकी झीज, गंज, गळती, ढिला स्पिंडल, फुटका फ्लोट हे सारं दुरुस्तीचं काम आहे. बाजारात मिळणाऱ्या नव्या नकला दिसायला छान असतात, पण कित्येकदा त्यांतल्या जेटवर छापलेला आकडा आणि प्रत्यक्ष भोक जुळत नाही. नकल घ्यावीच लागली तर तिच्यात आपल्या मूळ कार्बोरेटरचे जेट घाला आणि फ्लोटची पातळी स्वतः तपासा.

९. भाग मिळतात कुठे?

गॅस्केट आणि डायफ्रॅमचं किट पद्मिनी-ॲम्बेसेडरसाठी अजून मिळतं. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊसचा परिसर आणि कुर्ल्याचा जुना माल, ही ठिकाणं आधी पाहा. बुश आणि स्पिंडलसाठी मडगाव, फोंडा, म्हापसा इथल्या चांगल्या लेथवाल्याकडे विचारा. नाही जमलं तर बेळगावचं उद्यमबाग किंवा कोल्हापूरचं उद्यमनगर. बारीक कामाचे हात तिथे आहेत. जाताना गाडीचं नाव सांगून थांबू नका, कार्बोरेटरवर कोरलेला प्रकार आणि जेटचे नंबर घेऊन जा. एकाच मॉडेलच्या गाड्यांना वर्षागणिक वेगळे कार्बोरेटर लागले आहेत.

१०. पद्मिनीला मारुती ८०० चा कार्बोरेटर बसवला तर ॲव्हरेज वाढतं म्हणतात. बसवू का?

बसतो, चालतो, आणि मी तरीही नको म्हणेन. मारुतीचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. पद्मिनीचं १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. लहान इंजिनासाठी मापलेला गळा मोठ्या इंजिनाला वरच्या वेगात हवा पुरी पडू देत नाही. जेट मूळचेच ठेवले तर मिश्रणही पद्मिनीसाठी ठरवलेलं नसतं. ते पातळ पडलं तर चोर्ला घाटात भरल्या गाडीने चढताना व्हॉल्व्ह तापतात. मूळ कार्बोरेटर नीट बसवून ॲव्हरेज मोजा आणि मग तुलना करा.

११. मॉरिस मायनरला एसयू कार्बोरेटर आहे. त्यालाही हेच सगळं लागू?

स्पिंडलची झीज आणि ओव्हरफ्लो तसेच. बाकी रचना वेगळी आहे. एसयूमध्ये पिस्टन वरखाली होऊन गळा लहानमोठा होतो आणि पिस्टनला लावलेली निमुळती सुई जेटमधलं पेट्रोल मोजते. वरच्या घुमटात डँपर असतो, त्यात तेल हवं. ते संपलं की पाय दाबताच गाडी अडखळते आणि लोक जेट शोधत बसतात. एअर फिल्टर काढून पिस्टन बोटाने उचला आणि सोडा. खाली टेकताना टक असा आवाज आला पाहिजे. अडकत असेल तर घुमट आणि पिस्टन फक्त मऊ कापडाने, थिनरने पुसा. पॉलिश पेपर लावू नका, ते माप बिघडलं की परत येत नाही.

१२. ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने जुना कार्बोरेटर खराब होतो का?

हा प्रश्न सध्या सर्वांत जास्त येतो आणि काळजी खरी आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे प्रश्न ३ मधला गंज लवकर येतो. जुन्या रबराच्या नळ्या आणि सील त्याने फुगतात, मग चिरतात. फार जुन्या गाड्यांत लाखेचा लेप दिलेले बुचाचे फ्लोट असतात. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि फ्लोट बुडतो. टाकीत साचलेला जुना मळही सुटून फिल्टरमध्ये येतो, म्हणून सुरुवातीला फिल्टर लवकर बदला.

उपाय असा. सर्व नळ्या इथेनॉल चालणाऱ्या, आर९ प्रतीच्या घ्या. सील आणि निडलचं टोक व्हायटॉनचं (इंधनाला टिकणाऱ्या रबराचं) घ्या. गाडी महिन्यातून एकदा तरी इतकी चालवा की चेंबरमधलं पेट्रोल बदलेल.

मिश्रणाचा भाग वेगळा. ई२० ला पूर्ण जळायला हवा कमी लागते, साधारण १३.५ ला १. म्हणजे मूळ जेटवर गाडी थोडी पातळ चालते. १२० चा मेन जेट बदलून १२५ लावला तर भोकाचं क्षेत्रफळ सुमारे साडेआठ टक्के वाढतं आणि फरक भरून निघतो. प्लग पांढरट दिसत असतील तरच हे करा, आणि १२० चा जेट डब्यात जपून ठेवा.

१३. मे महिन्यात दुपारी पणजीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी बंद पडते, अर्ध्या तासाने सुरू होते. कार्बोरेटर बदलू?

नको. पेट्रोल नळीत किंवा पंपात उकळून वाफ होते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. पंपावर ओलं फडकं ठेवून गाडी सुरू झाली तर निदान पक्कं. ॲम्बेसेडरच्या बीएमसी इंजिनात इनटेक आणि एग्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, त्यामुळे कार्बोरेटर तापतोच. त्याखालचा बेकेलाइटचा जाड पॅकर कुणी काढून टाकला नाही ना ते पाहा, आणि पेट्रोलची नळी एग्झॉस्टपासून दूर घ्या.

गाडी बंद केल्यावर लगेच सुरू होत नाही आणि पेट्रोलचा वास येतो, अशी तक्रार असेल तर उलट झालं आहे: चेंबरमधलं पेट्रोल उकळून इंजिनात सांडलं आहे. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा, पंप करू नका, आणि स्टार्टर मारा.

१४. पीयूसीत (धुराच्या तपासणीत) सीओ (कार्बन मोनॉक्साइड) जास्त येतो. हवेचा स्क्रू कुठे फिरवायचा?

आधी ठरवा की तो हवेचा आहे की मिश्रणाचा. सोलेक्स आणि वेबरमध्ये बटरफ्लायजवळ, खालच्या बाजूला असलेला स्क्रू बहुधा मिश्रणाचा. तो बाहेर काढला की मिश्रण गडद होतं. काही झेनिथमध्ये तो हवा सोडतो, तिथे बाहेर काढला की पातळ होतं. इंजिन गरम करा, स्क्रू हलक्या हाताने टेकवून दीड फेरा सोडा आणि तिथून थोडं थोडं फिरवून स्लो सर्वांत नितळ होईल ती जागा शोधा. जोराने कसू नका, टोक दबून खराब होतं.

३१ मार्च २००० पूर्वी बनलेल्या चारचाकी पेट्रोल गाड्यांना स्लोवर सीओ ३ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) १५०० पीपीएम ही मर्यादा आहे. ठीक असलेला कार्बोरेटर तिच्या आत सहज बसतो. बसत नसेल तर फ्लोटची पातळी आणि अर्धवट लागलेला चोक पाहा.

१५. गाडी विंटेज म्हणून नोंदवायची आहे. कार्बोरेटर बदलला तर अडचण येते का?

२०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, व्यापारी वापरात नसलेली दुचाकी किंवा चारचाकी गाडी विंटेज ठरते. ती मूळ रूपात राखलेली असावी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाचं ५,०००. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते, म्हणून रोज चालणाऱ्या जीडीए (गोव्याच्या जुन्या) नंबरच्या गाडीसाठी आधी नीट विचार करा. तपासणीला बॉनेट उघडतं तेव्हा त्या गाडीचा मूळ प्रकारचा कार्बोरेटर दिसणं केव्हाही बरं. दुसरा लावला असेल तरी मूळचा विकू नका.

१६. आजोबांच्या मर्सिडीज १८० डी चा कार्बोरेटर सापडतच नाही.

डी म्हणजे डिझेल. तिला कार्बोरेटर नसतोच; इंजेक्शन पंप असतो. त्यासाठी डिझेल पंपाच्या कारागिराकडे जा.

१७. १९६१ पूर्वीची युरोपियन गाडी आहे. कार्बोरेटरच गायब आहे आणि पुस्तिकाही नाही. सुरुवात कुठून करू?

मॅनिफोल्डपासून, म्हणजे इंजिनाच्या ज्या नळीवर कार्बोरेटर बसतो तिथून. फ्लँजच्या बोल्टांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा, भोकाचा आतला व्यास मोजा, बोल्ट दोन आहेत की चार ते पाहा. ॲक्सिलरेटरची दांडी किंवा केबल कुठल्या बाजूने येते आणि चोक केबलचा आहे का, हेही नोंदवा. त्या काळातल्या बऱ्याच युरोपियन कंपन्या स्वतः कार्बोरेटर बनवत नसत. सोलेक्स, झेनिथ, वेबर यांच्याकडून घेत. त्यामुळे दुसऱ्या गाडीवरचा त्याच मापाचा सोलेक्स शोधून, आत आपल्या इंजिनाच्या सीसीला जुळणारी व्हेंच्युरी आणि जेट घालता येतात. बऱ्याच सोलेक्समध्ये व्हेंच्युरी वेगळी निघते आणि तिच्यावर मिलिमीटरमध्ये माप असतं. व्यापाऱ्याला फोन करण्याआधी ही सारी मापं एका कागदावर लिहून त्या फ्लँजचा पट्टी ठेवून काढलेला फोटो पाठवा. नुसतं गाडीचं नाव सांगितलं की चुकीचा भाग येतो आणि परतही घेतला जात नाही.